बाटल्यांची ढाल आणि उलटा धडा



गेल्या आठवड्यात धाकटीच्या शाळेतून निरोप आला. 'पुनर्वापर मोहीम. शुक्रवारी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणाव्यात. सर्वांत जास्त बाटल्या आणणाऱ्या वर्गाला ढाल.' झालं! गुरुवारी रात्री नऊ वाजता आमच्याकडे रडारड. घरात बाटली एकच, तीही फिनेलची. आम्ही प्रवासालासुद्धा गाळलेलं पाणी घरूनच नेतो, मग विकतच्या बाटल्या साठणार कुठून? लेक म्हणाली, "आई, दुकानातून सहा बाटल्या आणू या ना. पाणी कुंडीत ओतू." तिच्या मैत्रिणीकडे तसंच केलं होतं म्हणे.

मी नाही म्हटलं. ती रिकाम्या हाताने गेली, ढाल दुसऱ्या वर्गाला मिळाली आणि दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त आला. ज्या घरात कचरा कमी, त्या घरचं मूल हरलं. ज्यांनी मुद्दाम कचरा विकत आणला, ते जिंकले. हा कुठला धडा?

मंदिरात एक वहिनी म्हणाल्या, "अहो, शाळा काहीतरी करतेय हे काय कमी आहे?" मला हे पटत नाही. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव आहे, ती भंगारवाला किलोवर घेतोच. त्याच्याकडे जाणारा माल शाळेने एक दिवस अंगणात रचला, फोटो काढले, एवढंच. खरा प्रश्न डब्याच्या सुट्टीनंतर वर्गात पडलेल्या वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांचा आहे. त्यांत प्लास्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. भाजीच्या तेलात भिजलेला कागदही रद्दीत चालत नाही. ओलं-सुकं एका डब्यात पडलं की चांगला कागदही वाया जातो. वर त्यात किडे होतात, आणि त्या जीवांचं पाप कुणाच्या माथी?

२०१६च्या घनकचरा नियमांनी कचरा करणाऱ्यानेच तो वेगळा करून द्यायचा, असं सांगितलं. मग ज्या वर्गात कचरा होतो, तिथेच तो वेगळा व्हायला हवा. त्यासाठी ढाल लागत नाही. प्रत्येक वर्गात कागदाला एक खोका, बाकी सुक्याला एक, आणि उष्ट्या-खरकट्यासाठी आवारात एक खड्डा. स्पर्धा हवीच असेल तर महिन्याच्या शेवटी खोके वजन करा आणि ज्या वर्गाचं वजन घटलं त्याला ढाल द्या. मग मुलंच आईला सांगतील, "पाकीट नको, डब्यात चिवडा दे."

दुसरी गोष्ट वह्यांची. एप्रिलमध्ये निम्म्या कोऱ्या वह्या रद्दीत जातात आणि जूनमध्ये नव्या वह्यांची, वर प्लास्टिकच्या कव्हरची सक्ती! मी दरवर्षी कोरी पानं काढून दाभणाने शिवते. शाळेने 'कच्च्या कामाला अशी वही चालेल' एवढं एक वाक्य लिहून दिलं, तर किती कागद वाचेल!

आणि शाळेत पाहुणे बोलवायचेच असतील, तर कचरा वेचणाऱ्या मावशींना बोलवा. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. कोणता माल विकला जातो, कोणता नाही आणि घाणीत हात घालताना काय होतं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? शाळेची रद्दीही त्यांनाच द्या. मुलांना कळू दे की आपण टाकलेलं कुणीतरी हाताने उचलतं.

आमच्या सासूबाई आजही जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पितात. ताटात कण उरत नाही. त्यांना कुणी कधी ढाल दिली नाही. अपरिग्रह म्हणजे साठवून मग दान करणं नव्हे, मुळात गरजेपुरतंच घेणं. शाळेने पुनर्वापर जरूर शिकवावा, पण त्याआधी 'हे आणायलाच हवं का?' हा प्रश्न शिकवावा.

येत्या पालकसभेत मी हे सगळं मांडणार आहे. एकटी बोलले तर 'हिचं काहीतरीच' म्हणतील. तुम्हीही आपापल्या शाळेत बोला. आणि तोवर, बाटल्या विकत आणू नका!