शार्डोनेला मानाचं पान आणि आमचा बोंडू उकिरड्यात?

पोस्ट लांब आहे. पण काजूचा हंगाम आला की दरवर्षी हाच विषय डोक्यात घोळतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

हल्ली आपल्या किनाऱ्यावर सुरमई फ्रायसोबत शार्डोने मागणारं गिऱ्हाईक येतं. येऊ दे. 'येवा कोकण आपलाच आसा' म्हणून बोलावलंय आपणच. त्यातल्या जाणकाराला तर 'लाइटली ओक्ड' लागते, म्हणजे ओकच्या पिंपात थोडेच दिवस मुरलेली, लाकडाचा वास नुसता शिवून गेलेली. आणि ती थंड समुद्रकिनाऱ्याची हवी. चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यात म्हणे समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे सकाळी धुकं येतं, द्राक्ष सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो. आता तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यासमोर तो ओकचा वास किती तग धरणार हा भाग वेगळा. पण त्या लोकांचं मला कौतुक आहे. आपली माती, आपलं धुकं, आपला वारा त्यांनी बाटलीत भरला आणि जगाला विकला.

आपल्याकडे शार्डोने होणार नाही. समुद्र कोमट, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, द्राक्षाची वेल कुजून जाईल. महाराष्ट्रात ती पिकते ती घाटावर, अकलूजसारख्या कोरड्या मुलखात. तक्रार नाही. आपल्याकडे जे होतं त्याचं आपण काय करतो, ते बोलूया.

मार्च-एप्रिलात दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या कुठल्याही काजूच्या बागेत जा. झाडाखाली लाल-पिवळा सडा आणि आंबूस वास. बी काढूची, बोंडू थंयच टाकूचो. बोंडू वजनाला बीच्या कितीतरी पट असतो, रसाने भरलेला, क जीवनसत्त्वाने भरलेला. म्हणजे झाड जे पिकवतं त्यातला मोठा भाग आपण मातीत घालतो आणि मग उरलेल्या बीच्या भावासाठी सरकारच्या दारात उभे राहतो. आफ्रिकेतली बी आली की इथला भाव कोसळतो, हे काय नवीन सांगायचं.

तोच बोंडू सीमेपलीकडे गेला की त्याची फेणी होते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली जीआय मिळालं. २०१६ साली तिथल्या सरकारने कायद्यात बदल करून फेणीला वारशाचं पेय केलं. आपल्याकडच्या बागांतून गाड्या भरून बोंडू तिकडे जातात. झाड एक, पाऊस एक, मधे एक चेकपोस्ट. त्याच्या पलीकडे तो वारसा, अलीकडे भट्टी लावली तर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा! तिकडच्या पर्यटकाला हुर्राक लिंबू-मीठ घालून कौतुकाने देतात, इकडे म्हातारा औषधापुरती काढतो तर पोलीस दारात.

बरं, सरकार मद्याच्या विरोधात आहे म्हणावं तर तसंही नाही. द्राक्ष प्रक्रियेचं धोरण २००१ मध्येच आलं. वाइनवर २० टक्के व्हॅट घेऊन त्यातला १६ टक्के कारखानदाराला परत देण्याची योजना आहे, मधे थांबली होती, पुन्हा सुरू केली. जानेवारी २०२२ मध्ये तर सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला आणि कारण काय दिलं? शेतकऱ्याचं हित. विरोध झाला, तो निर्णय अडकला. पण युक्तिवाद लक्षात ठेवा. नाशिकच्या द्राक्षाला लागू होणारं हित काजूच्या बोंडूला लागू होत नाही का? आम्ही काय फक्त मतदानापुरते शेतकरी?

त्याच २०२२ मध्ये काजूबोंड आणि मोहफुलांच्या मद्यालाही मंत्रिमंडळाने मान्यता दिली. देशी दारूच्या वर्गातून काढलं आणि टाकलं कुठे, तर विदेशी मद्याच्या वर्गात. आमच्या परसातलं फळ कागदावर विदेशी! हसावं की रडावं. आणि त्या निर्णयातून आपल्या जिल्ह्यात किती छोटे परवाने निघाले, हे आमदारांनी आकड्यानिशी सांगावं.

छोटे, हा शब्द महत्त्वाचा. बोंडू खाली पडला की दिवसभरात आंबतो. तो ट्रकमध्ये घालून लांबच्या मोठ्या कारखान्यात नेण्यासारखा माल नाही. प्रक्रिया बागेच्या शेजारी व्हायला हवी, गावातल्या गटाकडे, सोसायटीकडे. परवान्याच्या अटी मोठ्या भांडवलवाल्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या तर फायदा कोणाचा होईल हे कोणी शिकवायला नको.

आता कमेंटमध्ये लिहिणार, 'घराघरात दारू पोचवतोस काय रे?' दारूने मोडलेली घरं मीही बघतो, आणि त्या बायकांचा राग खोटा नाही. पण आजची बंदी कोणाला थांबवते? गोवा बनावटीची दारू इन्सुलीवर पकडल्याच्या बातम्या तुम्हीच शेअर करता. न पकडलेली कुठे जाते? पिणारा पितोच आहे. फक्त पैसा आपल्या बागायतदाराच्या खिशात जात नाही, आणि चोरून काढलेल्या मालाची तपासणी कोण करणार? मला गल्लोगल्ली बार नको आहेत. मोजके परवाने, तपासलेला माल, बाटलीवर गावाचं नाव, एवढंच. आणि ज्याला मद्य नकोच त्याच्यासाठी सरबत, सिरप, व्हिनेगर आहे. त्याला तर कोणाचा विरोध नाही ना? मग वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र असताना, वेंगुर्ला काजूला जीआय असताना, बोंडूचं एक धड संकलन केंद्र प्रत्येक तालुक्यात का नसावं?

जिल्हा परिषदेचे उमेदवार मत मागायला दारात येतील तेव्हा त्यांना चहा पाजा आणि तीन गोष्टी विचारा. बोंडूला किलोला किती भाव देणार, तो कुठे घेणार आणि गावच्या गटाला परवाना किती दिवसांत मिळणार. 'बघूया' म्हणाले तर नाव इथे कमेंटमध्ये टाका.