मावश्या, भांडी आणि हवा

डिकीत आहेराची भांडी, मागच्या सीटवर तीन मावश्या आणि अमरावती ते अकोला. गाडी मागून बसू नये म्हणून स्प्रिंगमध्ये हेल्पर एअरबॅग टाकल्यात ना? (अपघातात फुगते ती वेगळी, बॉस!) मग त्यातली हवा कोण बघतं?

टायरचं गेज सारखं लावू नका. बॅग इवलीशी, गेज लावताना फुस्स झालेल्या हवेनेही प्रेशर उतरतं. त्यापेक्षा कायमचं गेज बसवा, डावं-उजवं वेगळं. रिकाम्या गाडीतही साधारण ५ पीएसआय हवंच, नाहीतर बॅग स्प्रिंगमध्ये चिमटून फाटते.

जून २०२२ मध्ये याच हायवेवर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज रेकॉर्ड! अशा गुळगुळीत रस्त्यावर आमची उतरलेली बॅग कळलीच नाही. कळली ती गावाकडे वळल्यावर, पहिल्याच खड्ड्यात. आधी मावशीला.