रखवालदाराचीही तपासणी हवी

जबलपूरजवळ नर्मदेवर बांधलेल्या बरगी धरणाला 21 दरवाजे आहेत. पाण्याच्या नियमनासाठी ते आवश्यकच होत. परंतु प्रत्येक दरवाजाबरोबर देखभालीचे एक काम वाढते. शाळा व ग्रंथालये यांच्या संकेतस्थळांनाही हाच न्याय लागू पडतो.

संकेतस्थळे उभारण्याची वर्डप्रेस ही आज्ञावली 2003 साली निघाली. तिला जोडावयाच्या लहान पूरक आज्ञावलींस प्लगिन म्हणतात. सुरक्षेची प्लगिने वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्यास अडवितात, फायलींतील संशयास्पद बदल दाखवितात आणि प्रवेशापूर्वी ओळखीचा दुसरा पुरावा मागतात. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र प्लगिने जितकी अधिक, तितकी सुरक्षितता अधिक, ही समजूत भ्रामक होय.

नोव्हेंबर 2024 मध्ये, 40 लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या 'रिअली सिंपल सिक्युरिटी' या सुरक्षेच्या प्लगिनातच गंभीर दोष उघडकीस आला. दुसऱ्या पुराव्याची सोय जेथे चालू होती, तेथे पासवर्डावाचूनही परक्यास व्यवस्थापकाचे अधिकार मिळविता येत होते. दुरुस्त आवृत्ती तातडीने निघाली. पण ती पोहोचेपर्यंत रखवालदारानेच वाट मोकळी ठेवली होती.

यास्तव प्लगिने मोजकी व विश्वसनीय निवडावीत, निरुपयोगी ती काढून टाकावीत, नवी आवृत्ती विनाविलंब बसवावी आणि संकेतस्थळाची प्रत निराळ्या जागी जपावी. हे काम प्रत्येक संस्थेने एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे, आणि तिने दर आठवड्यास केलेल्या तपासणीची नोंद वहीत ठेवावी, असे आमचे मत आहे.