पहिल्या नंबरचे शहर राहायला चांगले असते का?



'माझे आवडते शहर' हा निबंध दिला की बरीच मुलं पुण्यावर लिहितात. विद्येचे माहेरघर, शनिवारवाडा, सिंहगड, आणि शेवटी हमखास एक वाक्य : पुणे हे राहण्यासाठी देशातील पहिल्या क्रमांकाचे शहर आहे. वाक्याला आधार आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांची यादी जाहीर केली. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरे, मुंबई तिसरे. म्हणजे पहिल्या तिन्ही जागा महाराष्ट्राच्या. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला.

पण आपण शिक्षक. नंबर कसा काढतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. प्रश्नपत्रिकेत जे विचारलं असेल त्याचेच गुण मिळतात. एखादं मूल भांडण सोडवतं, घरी धाकट्या भावाला सांभाळतं, हे गुणपत्रिकेत कुठे येतं? शहराचंही तसंच. त्या वेळी ७८ निकष होते. शाळा, दवाखाने, पाणी, कचरा, रोजगार असं बरंच काही तपासलं गेलं. ते चुकीचं नव्हतं. पण रहिवाशांचं मत त्यात धरलेलं नव्हतं. ते पुढच्या वेळी धरलं, त्याला ३० टक्के वजन दिलं. मार्च २०२१ मध्ये तो निकाल लागला तेव्हा बंगळूरु ६६.७० गुणांनी पहिले आणि पुणे ६६.२७ गुणांनी दुसरे आले. लोकांना विचारलं म्हणूनच नंबर गेला, असं मी म्हणत नाही, इतर निकषही बदलले होते. पण पाव-अर्ध्या गुणाच्या फरकाने पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे काय, हे पेपर तपासणाऱ्याला विचारा!

खरा प्रश्न वेगळाच आहे. चांगलं शहर, पण कोणासाठी?

पुणे पहिले आल्याला जेमतेम दहा महिने झाले होते. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. बहुतेक बिहारमधून बांधकामावर आलेली. शहराची घरं बांधणारे हे लोक, यादीत ते कुठल्या रकान्यात येतात? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या पावसात आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत हाहाकार उडवला.

पाण्याचं बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं पुण्याच्या उशाशी आहेत. तरी जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला. किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. कागदावर शहर झालं, इमारती उभ्या राहिल्या, पण नळाला काय येतं हा प्रश्न तसाच राहिला. धरणाच्या पायथ्याशी राहून पाणी उकळून प्यायचं! मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर आईवडिलांवर काय गुजरत असेल, याचा निकष कोण लावणार?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. मराठवाड्यातून, विदर्भातून मुलं स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत येतात. एका खोलीत चार-पाच जण, भाडं कॉटवर, जेवण मेसच्या डब्यावर. हाल आहेतच. पण तिथे अभ्यासिका आहे, सोबती आहेत, मार्गदर्शन आहे. आमच्या गावाकडे हवा शुद्ध आहे, आणि संध्याकाळी वाचायला बसलं की लाईट जाते. मोठ्या आजारपणात गाडी शेवटी पुण्याकडेच वळवतात. त्यामुळे 'शहर वाईट, खेडं छान' असा सोपा निबंध मुलांकडून लिहून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शहर संधी देतं, म्हणून लोक जातात. पण संधी मिळणं वेगळं आणि सुखानं राहता येणं वेगळं. यादीत दोन्ही एकाच बेरजेत जातं आणि तिथेच घोळ होतो.

एकेकाळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. आज तिथल्या किती पालकांची चौथीतल्या मुलाला एकट्याला सायकलवरून शाळेत पाठवायची हिंमत होईल?

म्हणून पुढच्या वेळी हा निबंध देताना मी आधी मुलांकडूनच निकष काढून घेणार आहे. एकट्याने शाळेत जाता येतं का? खेळायला फुकट मैदान आहे का? आजीला रस्ता ओलांडता येतो का? नळाचं पाणी थेट पिता येतं का? पावसाळ्यात रात्री निवांत झोप लागते का? मग प्रत्येकाने आपल्या गावाला आणि पुण्याला, दोघांनाही गुण द्यायचे. गुण का दिले ते एका ओळीत लिहायचं. बेरीज मात्र करायची नाही.