केजच्या मुलांना सी येते, मुलाखत येत नाही

आमच्या वस्तीतली कितीतरी घरे हिवाळ्यात ऊसतोडीला गेलेली असतात. अशाच एका घरातला, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेला मुलगा नुकताच भेटला. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत तो दुसऱ्या फेरीत बाहेर पडला होता. प्रश्न साधा होता: सी भाषेतला 'व्होलाटाइल' कशासाठी? व्याख्या तोंडपाठ होती. "कधी वापरलास?" म्हटल्यावर तो गप्प झाला.

विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर घ्या. त्याच्या रजिस्टरमधली किंमत आपला प्रोग्राम बदलत नाही, पाणी बदलते. कंपायलरला ते कळत नाही. तो एकदा वाचलेलीच किंमत वापरत राहू शकतो, आणि विहीर आटली तरी मोटार चालूच. व्होलाटाइल लिहिले की किंमत दर वेळी नव्याने वाचली जाते. शेतातल्या मुलाला हे पाच मिनिटांत समजते, पण त्याच्या हातात बोर्ड कुणी दिलाच नव्हता.

पॉइंटर, बिटांची उलथापालथ, इंटरप्ट, आय-टू-सी, म्युटेक्स आणि सेमाफोरमधला फरक, बहुतेक मुलाखती याभोवतीच फिरतात. जीसीसी कंपायलर फुकट आहे, साधा बोर्ड काहीशे रुपयांत येतो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. तरीही आपल्या अभ्यासिकांत फक्त एमपीएससी आणि बँकेच्या पुस्तकांचे ढीग. त्या परीक्षांना माझा विरोध नाही. पण सरकारी जागा आटत असताना एकाच दारावर किती गर्दी करायची?

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि तिथले दार सर्वांना सारखे उघडत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आडनावाला बोलावणे कमी आले. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2020 मध्ये कॅलिफोर्नियात सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल झाला. म्हणजे कोड येऊनही प्रश्न संपत नाही. पण कोडच न आल्यास भेदभाव झाला हे तरी कशाच्या जोरावर सांगणार?

अर्ज पुढे सरकायला आतल्या माणसाची शिफारस लागते. हिंजवडीत नोकरी करणारे आपले भाऊ-बहीण जयंतीला वर्गणी पाठवतात. त्यांच्याकडे मी आता रविवारचा एक तास मागते आहे, फोनवर सराव मुलाखत घ्यायला. दोघांनी होकार दिला आहे. विहारातला फळा आणि एक बोर्ड तयार आहे.