ज्याने वाटले, त्याने भरून द्यावे

मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यात घरचा कर्ता पुरुष गेला की तेराव्यानंतर दोन प्रश्न उभे राहतात : सातबाऱ्यावर वारस कधी चढवायचे आणि यंदाची आंब्याची कलमे कोणाला द्यायची. पहिला तलाठ्याकडे जातो. दुसरा बहुधा गावात राहिलेला भाऊ परस्पर सोडवतो. व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो, दिवसकार्याचा खर्च भागवतो, उरलेल्यातले अर्धे मुंबईच्या भावाला पाठवतो. त्याच्या मनात पाप नसते. पण आई, बहीण आणि सोसायटीचे पीककर्ज या हिशेबात धरलेलेच नसते.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 याबाबतीत कडक आहे. कोणी नेमलेले नसताना मयताच्या मालमत्तेत हात घालणाऱ्यालाही कलम 303 आणि 304 उत्तरदायी धरतात, हाती आलेल्या मालमत्तेपुरते. मालमत्ता जपणे, अंत्यविधी आणि कुटुंबाची तातडीची गरज यांना सूट आहे. हात घालणारा स्वतः वारस असला, तरी सुटका नाही. धनकोने हुकूमनामा मिळवला आणि मयताचा पैसा योग्य कामी लावल्याचे त्याला दाखवता आले नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 52 प्रमाणे तेवढी वसुली त्याच्या स्वतःच्या खिशातून होऊ शकते. मृत्युपत्राने नेमलेल्या व्यवस्थापकाला तर कलम 368 आहेच : नुकसान होऊ दिले, ते भरून द्या. वेळेत नोटीस न दिल्याने मयताचा फायद्याचा भाडेपट्टा बुडाला, हे उदाहरण कायद्यातच दिले आहे. लबाडीच हवी असे नाही, हयगय पुरते.

सर्वांत जास्त विसरली जाते ती मयताची आई, म्हणजे मुलांची आजी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या मुलाची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. विधवा, मुलगा आणि मुलगी यांच्या बरोबरीची. बँकेत बारा लाखांची ठेव असेल, तर या चौघांचे तीन-तीन लाख होतात. आजीचे नाव गाळून तिघांनी चार-चार लाख घेतले, तर प्रत्येकाकडे तिचे एक लाख अडकले. ‘नॉमिनी मी आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या वादात 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तेच स्पष्ट केले : नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, वारसाहक्क डावलला जात नाही. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, नॉमिनी होत नाही.

बहिणींकडून साध्या स्टॅम्पपेपरवर ‘माझा हक्क नाही’ असे लिहून घेणे हाही असाच घातक प्रकार. जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क गेला, असेही नाही. ती नोंद महसुलासाठी असते.

रत्नागिरीत हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नसल्याने बहुतेक वाटण्या कोर्टाबाहेर होतात आणि हिशेब कोणी मागत नाही. मागितला जातो तो दहा-पंधरा वर्षांनी, जमिनीला पर्यटनाचा भाव आल्यावर. तोवर पावत्या हरवलेल्या असतात आणि प्रामाणिकपणे राबलेला भाऊ चोर ठरतो. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. तो नेमलेला व्यवस्थापक असेल, तर त्याला वाचवण्याची वाटही कायद्यातच आहे. कलम 360 प्रमाणे रीतसर नोटीस देऊन, मुदत संपल्यावर, माहीत असलेली देणी धरून सद्भावनेने वाटप करणाऱ्या व्यवस्थापकावर अज्ञात धनकोचा बोजा पडत नाही. धनकोने ज्यांना पैसे मिळाले त्यांच्याकडे जावे.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल, त्यांनी कलमांचा करार करण्याआधी सगळ्या वारसांची यादी करावी, सोसायटीचा उतारा काढावा, येणे-देणे कागदावर मांडावे आणि त्याची सहीनिशी प्रत प्रत्येकाला द्यावी. आईलासुद्धा.