धूर उलटा का येतो?

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. पण विषय माझ्या आजीचा आहे. इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिला असता तर तिला वाचून कोण दाखवणार?

आजी जावळी तालुक्यात राहते. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. मागच्या वर्षी काकांनी चुलीला धुराडं बसवायचं ठरवलं आणि घरातली ‘इंजिनियर’ म्हणून मला फोन केला. सबमिशनची गडबड होती. मेसच्या रांगेत उभ्या उभ्या मी सल्ला दिला, “काका, पाइप मोठ्यात मोठा आणा. वाट रुंद असली की धूर पटकन जाईल.” काकांनी आठ इंची पाइप आणून बसवला.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले, तर आजी डोळ्यांना पदर लावत, खोकत भाकऱ्या थापत होती. धूर थोडा वर जायचा आणि परत चुलीच्या तोंडातून घरात यायचा. काका मला काहीच बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग वही काढली. धूर वर जातो, कारण गरम हवा हलकी असते. पण हा ओढा, म्हणजे ड्राफ्ट, किती असतो ठाऊक आहे? बाहेर २५ अंश आणि ३ मीटर उंच धुराड्यात १५० अंश तापमान धरलं, तरी जेमतेम १० पास्कल. म्हणजे पाण्याच्या १ मिलिमीटर थराएवढा दाब! धूर थंड होऊन ६० अंशांवर आला की ओढा एक-तृतीयांशच उरतो. रुंद पाइपात चुलीचा थोडासा धूर रेंगाळतो, थंड होतो आणि दम सोडतो. आजीच्या चुलीचं नेमकं हेच झालं होतं, आणि ते माझ्या सल्ल्याने.

ही चूक जुनीच आहे म्हणा. थंड देशांत घरातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवतात, तेव्हा हाच घोटाळा होतो. फायरप्लेसचं धुराडं चांगलं ऐसपैस, स्टोव्हचा धूर थोडा. म्हणून त्या धुराड्याच्या आतून स्टोव्हच्या मापाची स्टीलची नळी वरपर्यंत नेतात. खुद्द बेंजामिन फ्रँकलिननेही १७४०च्या दशकात स्टोव्ह काढला, त्यात धूर आधी खाली उतरवून मग धुराड्यात नेला होता. त्यालाही ओढा कमी पडायचा. हे वाचून मला जरा धीर आला!

आम्हीही तेच केलं. आठ इंची पाइपात चार इंची पत्र्याचा पाइप घातला. धूर कमी झाला, पण संपला नाही. तेव्हा आजी म्हणाली, “वारं वरल्या अंगानं आलं की धूर परततोय. पयल्यापास्नं बघतीया मी. पर मला कुणी इचारलंच न्हाई.” छपरावर चढून पाहिलं, तर पाइपचं तोंड आढ्याच्या खाली होतं. छपरावरून उतरणारा वारा सरळ आत शिरत होता. पाइप आढ्याच्या दोन फूट वर नेला, वर टोपी बसवली, खाली काजळी काढायला झाकण ठेवलं. आता ओली लाकडं असली तरच धूर होतो. ते झाकण महिन्यातून एकदा उघडावं लागतं, ते काम काकांकडे.

मित्रांनो, मला म्हणायचंय ते एवढंच. थर्मोडायनॅमिक्समध्ये मला चांगले मार्क होते. पण चुलीसमोर रोज बसणाऱ्या बाईला मी एक प्रश्न विचारला नाही. देशातही हेच झालं. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, पण मोजल्या त्या बसवलेल्या. किती पेटतात आणि कुणी साफ करतं का, याकडे लक्ष कमी पडलं. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा विषय काही किरकोळ नाही.

आपले प्रोजेक्टही असेच. व्हायवा झाला की मॉडेल स्टोअररूममध्ये धूळ खातं. सरांना एक विनंती करावीशी वाटते: ती वस्तू जो वापरणार, त्यालाही व्हायवाला बसवा आणि थोडे मार्क त्याच्या हातात द्या. माझा पाइप घेऊन मी आजीसमोर उभी राहिले असते, तर पहिल्या प्रयत्नात नक्की के.टी. लागली असती!

येत्या सुट्टीत घरी गेलात की पाच मिनिटं चुलीपाशी बसून बघा. डोळे चुरचुरले, तर वहीच्या आधी आजीला विचारा.